थोरल्या कोंबड्याची राखण

मु. मसुरे

तीर्थरूप नानांस दाजीचा साष्टांग नमस्कार. इकडे माणसं ठीक आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? (फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्हीच बोलता.)

दरवर्षी वाडीच्या राखणदार देवाला आपण कोंबडा कापून राखण देतो, आणि घरातला सर्वांत थोरलाच देतो. देवाला हलका माल द्यायचा नाही, ही आमच्या वडिलांची शिस्त. पण वीस वर्षांत आमचे कोंबडे कबुतराएवढे झाले हो! दोन महिन्यांपूर्वी एक तर कावळ्याला घाबरून पळाला. मला वाटलं, कोणी करणी केली. तेवढ्यात सावंतवाडीच्या कॉलेजात आनुवंशिकी शिकणारी आमची तन्वी सुट्टीवर आली आणि घरापुढच्या खळ्यात उभी राहून म्हणाली, "बाबा, दरवर्षी थोरलो कोंबो कापतास, मगे बारक्यांचीच पिल्लां व्हतली ना?" म्हणजे गलेलठ्ठ तेवढे सागोतीच्या रश्श्यात आणि वंश चालवायला मरतुकडे! वर आमची वाडी व्हाळाच्या पाण्यापलीकडे, बाहेरचा कोंबडा फिरकत नाही. मुंगसाने दोन पांढऱ्या कोंबड्या नेल्या, तर वाडीतून पांढरा रंगच गेला. (यात मुंगसाची अक्कल नाही, नुसता योगायोग, असं ती म्हणते. तिच्या पुस्तकात योगायोगावरही प्रकरण आहे.)

मी म्हटलं, देवाची मर्जी. तर कार्टी म्हणते, "देव खंय निवडता? निवडतत नानामामा!" राग मानू नका, पण खरं आहे. राखणीच्या आदल्या दिवशी तुम्ही जामसंड्याहून येता, खळ्यात खुर्ची टाकता आणि बोट दाखवता. ते बोट आजवर एकदाही चुकलेलं नाही.

यंदा नशिबाने एक तांबडा, उंचापुरा कोंबडा निपजलाय. हा गेला तर आमचं वाण बुडालं, नाना. त्याच्याकडे बघून माझा जीव तुटतो. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
दाजी

ता.क. तेव्हा यंदा राखणीला येऊ नका. देवाला मी बारका देईन आणि गाऱ्हाण्यात कारण समजावीन. देव ऐकतो. तुमची खात्री नाही.

ता.क. दुसरा. तुमच्या बहिणीने हे वाचलं. "माझो भाव येतलो आणि तेका हाडकां वाढू?" असं म्हणून सुगंधेने तांबडा टोपलीखाली झाकलासुद्धा. तुम्ही याच.

ता.क. तिसरा. तन्वी म्हणते, येऊ दे मामाला. तिने महिनाभर बारके कोंडून तांबड्यालाच कोंबड्यांत मोकळा सोडला होता. अकरा अंडी खुडूक कोंबडीखाली उबत आहेत. सागोती पोटभर खा. अंड्याची पोळी मात्र मागू नका.