सातपुड्याकडचं टोक

तळोदा

प्रिय गोपाल,

पत्र बघून हसशील. खिशात फोन असताना भाऊ कागद का खरडतोय, म्हणशील. हस बाबा, तुला कोण अडवणार. पण हल्ली फोनवर बोलताना शब्द वेळेवर हाताला लागत नाहीत. मग तू सुरतहून नुसता हॅलो हॅलो करत बसतोस आणि माझं टाळकं सरकतं. लिहिताना थांबता येतं. कालपासून थांबत थांबतच लिहितोय.

तू फर्निचरच्या कारखान्यात लागलास ते बरंच केलंस. मयूरी आणि लेकरं एका जागी राहिली. इथे मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, भाईदास मिस्तरी आता एकटा काय करणार? मी म्हटलं, थांबा, दाखवतो. डोंगराच्या पायथ्याला जालमसिंग गुरुजींनी घर बांधलंय, पोरीचं लग्न तोंडावर आलंय, दारं-खिडक्यांचं सगळं काम माझ्याकडे. हे घर एकट्यानं पार पाडलं तर मी सुतार, नाहीतर घरी बसून शेळ्या राखायच्या, असं मी मनाशी धरूनच गेलो होतो.

मांडणी बघितली असतीस तर तूसुद्धा मान डोलावली असतीस. लोखंडी पायांच्या, घडी होणाऱ्या दोन घोड्या, त्यांवर जाड प्लायची फळी, मधोमध आपलं तिरके काप घेणारं मायटर मशीन नटांनी आवळलेलं. दोन्ही अंगांना लांब फळ्यांचे पंख जोडले, म्हणजे पट्टीचं टोक लोंबकळायला नको. पंख मशीनच्या बैठकीपेक्षा जरा खाली बसत होते, तर सागाच्या पातळ चिपा घालून उचलले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बघितला. दोरा सगळीकडे टेकला. एका मापाच्या पट्ट्या निघाव्यात म्हणून शिकंज्यानं ठोकळा आवळला, वायर घोडीच्या पायाला बांधली, वारा जाईल तिकडे मशीनची पाठ धरली, म्हणजे भुसा तोंडावर येत नाही. सगळं सुटं होतं, मालवाहू रिक्षात मावतं. आणि तू जिथे उभा राहून पट्टीचं टोक धरायचास, बरोबर तिथे आता घोडी उभी असते. बिचारी टोक चांगलं धरते. चहा मागत नाही, सासऱ्याच्या कागाळ्या सांगत नाही. पहिले काही दिवस मला तेच खायला उठलं.

तुला कोरीट गावातलं आपलं पहिलं काम आठवतं ना? आपण समोरासमोर उभे. माझं डावं ते तुझं उजवं, आणि चौकटीभोवतीच्या पट्ट्यांचे तिरके काप सगळे उलटे. त्या दिवसापासून आपण डावं-उजवं सोडलंच. घर कुठलंही असो, मशीन असं मांडायचं की पट्टीचं एक टोक सातपुड्याकडे आणि दुसरं तापीकडे. पेन्सिलीनं 'सा' आणि 'ता' लिहायचं. पातं खाली आणण्याआधी तू ओरडायचास, सातपुडा! मी हूं म्हणायचो, मग काप. लोक हसायचे, पण त्यानंतर आपला एक कोपरा कधी उघडा राहिला नाही. घोडी ओरडत नाही, गोपाल. म्हणून मी एकटाच ओरडायचो आणि एकटाच हूं म्हणायचो. गुरुजींच्या घरचे बिचकून बघायचे.

मोठ्या दाराच्या पट्ट्या मागच्या आठवड्यात कापल्या. जुना साग, गुरुजींच्या वडिलांनी राखून ठेवलेला. तसा आता मिळत नाही. सगळ्या कापून झाल्यावर चौकटीला लावायला गेलो, तर एकही कोपरा मिळेना. मी पट्ट्या फिरवल्या, पुन्हा फिरवल्या. गुण्या लावला. मशीन बरोबर, कोन बरोबर. 'सा' तापीकडे ठेवून मी एकूणएक पट्टी कापली होती. डोंगर एवढा ढळढळीत उभा, आणि मी! गुरुजी देवमाणूस, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले की मिस्तरी, दुसरं लाकूड आणू. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

आणि त्यानंतरचं तुलाच सांगतोय, इतर कुणाला सांगितलं नाही. मी घाम पुसत वर बघितलं आणि गुरुजींना विचारलं, हा डोंगर कुठला हो? ते हसले, त्यांना वाटलं चेष्टा. मी चेष्टा करत नव्हतो. जन्मभर ज्याच्या खुणेनं कापत आलो, तो मला ओळखू येईना. मग ओळखू आला, तसं मी मशीन सोडवलं आणि रिक्षात घालून घरी घेऊन आलो.

लाकूड वाया गेल्याचं कळल्यावर तुझी प्रमिला वहिनी मला ओढतच चिंचपाड्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी कागद दिला, म्हणाल्या घड्याळ काढा. गोल असा काढला की गिरमिटानं भोक पाडावं तसा नेमका. आकडे मात्र सगळे एका अंगाला गोळा झाले. मी बघत राहिलो, चूक कुठे आहे तेच कळेना. बाई मऊ आवाजात म्हणाल्या, हे विसरणं हळूहळू वाढत जातं, औषधानं थोडं धरून ठेवता येईल, पण मशीनला आता हात लावू नका. बाहेर आल्यावर प्रमिला रडली नाही. घरी येऊन तिनं गुपचूप मशीनचा प्लग कापून लपवून ठेवला. मी विचारलं तर माझ्यावरच ओरडली, डोकं फिरी गयं का तुन्हं, बोटं तोडी घेशी! मला राग आला आणि मग रडूच फुटलं. एवढा मोठा माणूस ओट्यावर बसून रडतोय, शेजारचे दार लावून घेत होते.

तर गोपाल, पत्राचं कारण हे. मशीन, घोड्या, पंख, सगळं तू घेऊन जा. भंगारवाल्याच्या हातात नको, अनोळखी माणसाच्या तर नकोच. पण नेण्याआधी गुरुजींचं मोठं दार तेवढं लावून दे. त्यांची पोर त्या दारातून जाणार आहे. लवकर ये, मी तुला नावानं हाक मारू शकेन तोवर ये. तुझ्या जागेवरची घोडी मी काढून ठेवतो. या वेळी पट्टीचं टोक मी धरीन, कापायचं तू. फक्त पातं खाली आणण्याआधी पहिल्यासारखा ओरड, आणि सातपुडा कुठे आहे ते बोटानं दाखव. मी हूं म्हणेन.

तुझाच,
भाईदास