पाळणाघराची तपासणी

सुप्याजवळून, शनिवार दुपार

प्रिय बहीण एंजेला हिला हन्नाताईचा प्रभूच्या नावात सलाम. आमोसरावांनाही सांगणे. तुझा गुडघा, आमोसरावांची साखर आणि दारातली लिंबं कशी आहेत ते कळव. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत होतो. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आमच्या सूनबाईंचे, निकिताचे, कान फार तिखट आहेत (कुकर चालू असताना तिला अंगणातली कुजबुज ऐकू येते, मी मारलेली हाक तेवढी येत नाही). वाचून झालं की फाडून टाक.

गोष्ट अशी. हर्षल पोटात होता तेव्हा निकिताने सुप्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. तो आता साडेतीन वर्षांचा झाला, आणि आपल्या जॉनने (माझा मुलगा असून!) कुठूनसा सुप्याच्याच एका कंपनीचा गुलाबी कागद आणून तिच्या हातात दिला. वर छापलेलं, ‘पुन्हा कामावर येणाऱ्या मातांसाठी कुटुंबस्नेही नोकरी’. आता तूच सांग, खरा स्नेही असेल तो तसं छापून वाटतो का? आमच्या दारात येऊन स्वतःला कुटुंबाचा स्नेही म्हणवणारा शेवटचा माणूस विमा विकून गेला, तो पुन्हा दिसला नाही. पुढे वाचत गेले तसा संशय वाढतच गेला. वेळ साडेनऊ ते साडेचार. मूल आजारी पडलं तर आईला रजा. आवारातच पाळणाघर, दुपारी गरम खिचडी, तीही फुकट. या घरात मला चौतीस वर्षं झाली, मला स्वतःला ताप आला तरी कुणी रजा दिली नाही, आणि ही कंपनी पोराचं अंग गरम झालं म्हणून आईला घरी पाठवणार! कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. आणि खरं सांगू का, निकिताने नोकरी करावी याला माझी ना नाही. पण हर्षल सकाळीच तिकडे गेला तर मी दिवसभर काय करू? हे गेल्यापासून घरात दिवसा त्याचाच काय तो आवाज असतो. तिला हे बोलले नाही, तुला लिहिते.

म्हणून मी ठरवलं, पाळणाघर आपण स्वतः तपासायचं. गुरुवारी निकिता हर्षलला घेऊन माहेरी गेली तशी मी वडापच्या जीपने सुप्याला गेले. गेटवर छगन नावाचा वॉचमन. पाळणाघरासाठी आले म्हटल्यावर त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “आवो आजी, आदी ह्यो फॉर्म भरा, मग आत. तिकडं बाया बसल्यात, त्यांच्यामागं नंबर लावा.” बाकावर सात बाया होत्या. माझ्यासकट आठ जणींना संशय आला आहे म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं मी मनाशी म्हटलं.

आत आरती मॅडम आणि एक लॅपटॉपवाले साहेब. मी चौकशी सुरू करणार तोच त्यांनीच मला विचारलं, मूल रडायला लागलं तर तुम्ही काय कराल? बघ हुशारी! आपल्याला येत नाही ते समोरच्याकडून काढून घ्यायचं. मी सांगितलं, भूक आहे, झोप आहे की नुसता राग, ते आधी ऐकायचं, तिन्हींचं रडणं वेगळं असतं. साहेब भराभरा टाईप करू लागले. अनुभव विचारला तेव्हा मी आमच्या गावच्या बालवाडीतली दोन वर्षं आणि तिथली अठ्ठावीस पोरं ऐकवली (समोर कोण बसलंय ते त्यांना कळायला हवं). मग म्हटलं, नुसत्या गप्पा नकोत, खोली दाखवा. फिनेलची बाटली पोरांच्या हाताला येईल अशी ठेवलेली, खिडकीच्या गजांतून हर्षलचं डोकं आरामात जाईल, खिचडीत मीठ नाही. दोन उशा मी नाकाला लावून पाहिल्या. सगळं तोंडावर सांगितलं. आरती मॅडमनी विचारलं, तुमचा कुणावरच विश्वास नाही का? मी म्हटलं, दुसऱ्याचं पोर सांभाळायचं तर विश्वास काय कामाचा? साहेबांनी तेही टाईप केलं.

गेटबाहेर जीपची वाट बघत तासभर उभी होते, तर छगन हात जोडून आला. “आजी, तुमी तर लागल्या की कामाला! आतून फोन आलाय, आठ जनींत तुमीच.” डोकं ठिकाणावर आहे का, असं मी त्याला विचारलं. तेव्हा त्याने तसलाच एक कोरा फॉर्म आणून वरची ओळ वाचून दाखवली. ‘पाळणाघर मदतनीस, अर्ज’. (आपण रकाने बघतो गं, मथळा कोण वाचतो?) येताना जीपमध्ये विचार केला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा सगळा घरचाच डाव असणार. तो गुलाबी कागद माझ्याच उशीपाशी कसा राहिला? निकिता नेमकी गुरुवारीच माहेरी कशी गेली? आणि काल परत आली तर कुठे गेला होतात एवढंही तिने विचारलं नाही, नुसती हसली. तेव्हा तू तिला फोन कर आणि नोकरीचं खूळ डोक्यातून काढ म्हणावं. तुझं ती ऐकते.

तुझी,
हन्नाताई

ता. क. निकिताला इतक्यात फोन करू नकोस. आधी तुझ्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघड. जॉनच्या बाळंतपणाला राहुरीला आले होते तेव्हा माझा बालवाडीचा दाखला त्यात राहिला. मूळ प्रतच लागते, फोटो चालत नाही, आणि येत्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत दिला नाही तर जागा दुसरीला जाईल. पोस्टावर माझा भरवसा नाही, आमोसरावांबरोबरच पाठव.

आणखी एक. त्या फॉर्मवर ‘कामात खंड पडण्याचे कारण’ असा रकाना होता. मी लिहिलं, जॉन. साहेब हसले, बत्तीस वर्षं एकच कारण का म्हणाले. एंजेला, मी बालवाडी सहा महिन्यांसाठीच सोडली होती. परत कधी येणार असं कुणी विचारलंच नाही, आणि मग मीही विचारायचं सोडून दिलं. काल आरती मॅडमचा फोन आला, कधीपासून जमेल? घरी विचारून कळवते, असं मी सांगितलं. मला त्याच क्षणी जमलं असतं गं.