आठ दिवसांच्या पाहुण्या आणि चाळीस दिवसांचा विस्तव

२६ ऑक्टोबर १९७५, रविवार, जेवणानंतर

शेजारची देल्फिना लिहिते आहे, मी सांगते आहे. ही वही माझी, माझ्यासाठी. मला अक्षर येत नाही, म्हणजे माझी गुपितं माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित. देल्फिना म्हणते, ती लिहिलेलं लगेच विसरते. विसरू दे. तिच्या घरात मीठ संपलंय हेसुद्धा ती विसरते आणि माझ्याकडे येते.

सकाळी ओरेस्ते आला होता. मुलगा माझा, खाली मोदेना शहरात असतो. सूपची वाटी संपायच्या आत मुद्द्यावर आला. आई, हा हिवाळा तू आमच्या फ्लॅटमध्ये काढ, लिफ्ट आहे, गुडघे बघ जरा. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांकडे कशाला बघतोस, स्वतःच्या टकलाकडे बघ.

शेवटी ठरलं ते असं. मेतातोत काल मी विस्तव घातलाय. मेतातो म्हणजे अंगणातली दगडी खोली. वर फळ्यांच्या फटींवर चेस्टनट पसरलेले, खाली आग, चाळीस दिवस नुसता धूर, मग वाळलेल्या चेस्टनटचं पीठ. जाळ होता कामा नये, विझताही कामा नये. सान मार्तीनोच्या सणापर्यंत, म्हणजे अकरा नोव्हेंबरपर्यंत, मी एकटीने तो जिवंत ठेवला तर ओरेस्तेने फ्लॅटचं नाव काढायचं नाही. विझला तर मी मुकाट्याने त्याच्या गाडीत बसायचं.

बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. हरणार हे त्याला आत्ताच कळलंय.

२९ ऑक्टोबर

नुसता विस्तव काय, कुणीही सांभाळेल. मी पुढचा विचार केला. झाइरा आणि योले, दोघींना आठ दिवस बोलावलं. अकरा उन्हाळे आम्ही तिघी भाताच्या शेतात पोटरीभर पाण्यात उभ्या राहून तण काढायचो. आता दोघी विधवा, मिलानमध्ये एका खोलीत राहतात. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. दया येते.

ओरेस्ते येईल तेव्हा बघेलच. एका हातात पाहुण्या, दुसऱ्या हातात आग.

संकल्प: पाहुण्यांनी इकडची काडी तिकडे करायची नाही. देल्फिना म्हणाली, आर्जिया, तुझ्याकडे पलंग दोनच आहेत. मी म्हटलं, तू लिही.

३ नोव्हेंबर, सोमवार

आल्या. झाइराने स्वतःची उशी आणलीय आणि योलेने स्वतःची कॉफीची किटली. म्हणजे माझ्याकडची कॉफी प्यायच्या आधीच नापास.

दारातच नियम सांगून टाकला. आमच्याकडे एक विस्तव, एक हात. जी बाई मेतातोत लाकूड घालते, विस्तव तिचा. चेस्टनट खाली उतरेपर्यंत तिने गाव सोडायचं नाही. दोन हात लागले की पीठ कडू होतं. झाइरा म्हणाली, बये, तुझा विस्तव तुलाच लखलाभ, आधी संडास दाखव.

तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे आहे. योलेने विचारलं, एक वास कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो. शहरात राहून माणसं नाजूक होतात.

४ नोव्हेंबर

पाहुण्यांसाठी कोंबडी. करड्या कोंबडीला मी अंगणातून विहिरीकडे, विहिरीवरून परत अंगणाकडे असं पद्धतशीर दमवत आणलं. शेवटी योलेने नुसता हात खाली केला आणि उचलली. लोकांना वाटेल योलेने पकडली. हाकत कुणी आणली?

दुपारी गुडघ्यांना शेक. कोंबडी दोघींनी सोलली. त्यांना जुन्या दिवसांची हौस.

६ नोव्हेंबर

मी मेतातोत धुरासाठी विस्तवावर गेल्या वर्षीची टरफलं पसरत होते, तेवढ्यात झाइराने स्वयंपाकघराच्या काचा पुसल्या. आता बाहेरचं सगळं दिसतं. बाहेर काय आहे ते मला कित्येक वर्षं माहीत आहे.

मीठ सापडेना. योले म्हणाली, चुलीजवळ ठेवलंय, जिथे लागतं तिथे. मला काही बोलायचं होतं, पण तोंडात तिने केलेला ससा होता. बरा झाला होता. माझीच पद्धत, तिने भाताच्या शेतावर चोरली असणार.

संकल्प: उद्यापासून दोघींना खुर्चीवरून उठू द्यायचं नाही.

७ नोव्हेंबर

आज दोघी उठल्याच नाहीत खुर्चीवरून. पाद्रीबाबांना पत्त्यांत हरवत बसल्या होत्या. पाच वर्षं ते माझ्या घरी आले नव्हते. जाताना म्हणाले, या घरात किती उजेड आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा. पोलेंता, म्हणजे पिठाची घट्ट लापशी, त्यावर डुकराचं मटण, नवी वाइन. मग मी मेतातोत बाकावर जाऊन बसले. झोपले नाही. विस्तव कानांनी ऐकायचा असतो, त्याला डोळे मिटावे लागतात. मिटले. उघडले तेव्हा अंगावर झाइराचं घोंगडं, बाहेर संध्याकाळ, आणि विस्तव इतका छान धुमसत होता की काय सांगू. माझ्याकडे न बघतासुद्धा नीट जळतो. एवढं वळण लावलंय मी त्याला.

देल्फिना लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काय आहे. ती म्हणाली, काही नाही, पेन्सिल बोथट झाली.

१० नोव्हेंबर

योलेच्या पोटात काही राहत नाही. कपडे वाळत घालता घालता सगळं सांगून टाकलं. काल विस्तव पार गार झाला होता, झाइरा तासभर गुडघ्यांवर बसून फुंकत होती. मी म्हटलं, आत माझी एखादी ठिणगी शिल्लक असणार, तिने नुसती वर आणली. झाइरा घरातून म्हणाली, ठिणगी कसली, राखेत मांजर झोपलं होतं.

मांजराला ऊब लागली म्हणूनच झोपलं ना?

दोघींना बसवून सांगितलं, उद्या ओरेस्तेपुढे अवाक्षर काढायचं नाही. दोघींनी छातीवर क्रूस काढून शपथ घेतली. झाइरा शब्दाची पक्की आहे. एकदा मुकादमाच्या टोपीत बेडूक कुणी ठेवला ते तिने अजून सांगितलेलं नाही. मी ठेवला होता.

११ नोव्हेंबर, सान मार्तीनो

सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं. ओरेस्ते आला, काचांकडे बघितलं, तीनदा वाढून घेतलं, पट्टा सैल केला. म्हणाला, आई, मी हरलो. विस्तव तूच बघतेस ना रोज? मी म्हटलं, मग कोण?

तेवढ्यात झाइरा ताटावरून उठली. म्हणाली, दोन वाजले, ओंडका बदलायला हवा. एप्रन बांधलेला, हातात चिमटा. गेली आणि दार ओढून घेतलं. तिने शपथ मोडली असं म्हणता येणार नाही. विझण्याबद्दल अवाक्षर तिने काढलंच नाही.

ओरेस्तेने माझ्याकडे बघितलं. मी योलेकडे बघितलं. योलेने पावाकडे बघितलं. मग जेवायला आलेल्या त्या देल्फिनाला, जी सगळं विसरते, एकदम सगळं आठवलं. मांजरासकट.

विस्तव झाइराचा, म्हणजे चार डिसेंबरपर्यंत झाइराला हलता येणार नाही. नियम म्हणजे नियम, मीच सांगितलाय. झाइराशिवाय योले राहत नाही. बायका तीन, पलंग दोन. आठ दिवस मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपले होते, हे ओरेस्तेला आजच कळलं. त्याने माझा कोट आणून माझ्या खांद्यांवर ठेवला.

पाहुण्यांची सोय बघणं हे घरच्या बाईचं काम. मी जागा करून दिली. पूर्वी कुळं सान मार्तीनोलाच गाड्या भरून शेतं बदलत. मी सात वेळा अशी निघाले आहे, बिछाना, कोंबड्या आणि नवरा घेऊन. आज ओरेस्तेच्या गाडीत नुसती पिशवी ठेवलीय. हलकं वाटतं, असं लिही.

देल्फिनाने लिहिलं आणि नाक पुसलं.

२३ नोव्हेंबर, मोदेना, तिसरा मजला

आता सून लिहिते, लोरेदाना. तिने विचारलं, आई, तुम्ही इथे खूश आहात असं लिहू का. मी म्हटलं, मी सांगते तेवढंच लिही. लिफ्टमधून मी रोज चार वेळा जाते-येते. काम काही नसतं.

झाइराचं पत्र आलं, लोरेदानाने वाचून दाखवलं. विस्तव छान आहे. कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या, का ते कळत नाही. पाद्रीबाबा नमस्कार सांगतात. वरच्या खोलीत तिसरा पलंग टाकलाय. चेस्टनट उतरले की पहिल्या पिठाच्या पोलेंतासाठी दोन दिवस ये. काही काम करू नकोस हं, नुसती बसून राहा.

मी म्हटलं, कळव त्यांना, आर्जियाला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी इतका आग्रह आहे तर बघते. लोरेदानाने ते लिहून पाकीट बंद केलं, तिकीट लावलं.

मग मी तिला हळूच विचारलं, कुणाकडे दोन दिवस राहायला जाताना हल्ली काय नेतात. ती म्हणाली, केक नेतात, किंवा बिस्किटांचा डबा. मी म्हटलं, डबाच घे. चांगल्या दुकानातून घे पण. झाइरा नावं ठेवते.