चौकटीचा पत्ता

भाद्रपद वद्य तृतीया, दिवेलागण

आज तहसीलचे गिरदावर नुकसानीची पाहणी करायला आले होते. पुरात घरं पडलेल्यांना सरकार वर माळावर जागा देणार आहे. आमच्या चारी भिंती बसल्या, दाराची चौकट तेवढी उभी आहे. सासूबाई अजून रोज तिच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावतात.

पुराच्या रात्री हे बैलं सोडायला गोठ्याकडं गेले. बैलं पोहून वर आली, हे आले नाहीत. पाटलांनी तसं सांगितल्यावर गिरदावर कारकुनाला म्हणाले, "लापता लिखो."

लापता म्हणजे बेपत्ता, एवढं मला कळतं. सासूबाईंना त्यातला पत्ताच ऐकू आला. पुढं होऊन म्हणाल्या, "पत्ता न्हाय कसा, सायेब? ही चौकट हाय की. ही बघूनच माझं लेकरू येईल. माळावरची जागा आमाला नगं."

गिरदावर हसले नाहीत. "अम्मा, उद्या सांगा," एवढंच म्हणाले.

मला जागा हवी आहे. नुसतं आभाळ आलं तरी जीव थाऱ्यावर राहत नाही. मग मी गप्प का बसले? त्या चौकटीतून हे वाकून आत यायचे. 'यायचे' लिहून गेले. येतात, असं लिहायला हवं होतं का?

आत्ता धीर करून म्हटलं, "चौकट आपल्यासंगं माळावर नेऊ. तिथंच बसवू."

सासूबाईंनी उठून चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "सुताराला सांग, वीतभर उंच कर म्हणावं. लई वाकावं लागतंय त्याला."