मंगळवारचा फोन

ती. सासूबाई,

नमस्कार लिहिणार होते, पण हात वळला नाही.

दर मंगळवारी हार्टच्या पेशंटना फोन करून वजन, पायांची सूज, गोळ्या विचारणारी नर्स मीच. पोटातलं बाळ गमावून मी दवाखान्यातून परतले, तेव्हा माझी बॅग जिन्यात ठेवून तुम्ही आतून कडी लावलीत. सहा वर्षांनी यादीत तुमचं नाव दिसलं. तुम्ही माझा आवाज ओळखला नाहीत.

"पोरी, तूच तेवढी विचारतेस गं," असं तुम्ही म्हणता. तुमचा मुलगा आठ-आठ दिवस खोलीत डोकावत नाही, नवी सून ताट दारातूनच आत सरकवते, हेही मलाच सांगता.

काल फोनवर रडलात. "बास झालं. आजपासून गोळ्या बंद. जाऊ दे मला."

"माझ्यासाठी घ्या ना," मी लाडीगोडीनं म्हणाले. तुम्ही गोळी गिळल्याचं ऐकूनच फोन ठेवला.

डॉक्टर म्हणतात, अशाच नियमित राहिलात तर आणखी दहा वर्षं सहज काढाल. त्याच खोलीत.

म्हणून हे पत्र पाठवणार नाही. मी कोण ते कळलं, तर तुम्ही गोळ्या घेणं सोडाल.

तुमची,
आधीची सून