टीगन फावारोला न केलेला फोन

५ ऑगस्ट, सोमवार

प्रारंभीच क्षमा मागते. रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडलेले नाही आणि माझ्यासारखीने लेखणी उचलणे हा आगाऊपणाच आहे. क्षमा मागण्याची मला सवय आहे. सकाळी बेकरीत एका गृहस्थांनी माझ्या पायावर पाय दिला, तेव्हाही ‘सॉरी’ मीच म्हटले. परंतु यापुढे निर्भयपणे लिहायचे.

निमित्त : वाचनालयातील स्थानिक इतिहासाचे वर्षभराचे पद टीगन फावारोला मिळाले. पद अ‍ॅबोरिजिनल उमेदवारांसाठी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांसाठी राखीव. टीगन शाळेत माझ्याच वर्गात होती. इतिहासात मला सत्त्याण्णव, तिला एकाहत्तर. केस पिंगट, डोळे हिरवे, आडनाव इटालियन. मग ही मूळ रहिवासी कशी?

हेवा मुळीच नाही. त्या पदाचा अर्ज मीही भरून ठेवला होता, पण तो केवळ सराव म्हणून.

संकल्प : सत्याच्या बाबतीत कुणाचीही भीड बाळगायची नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

आमच्या साप्ताहिकात मी मृत्युलेख आणि ग्रंथपरीक्षणे लिहिते. आज संपादक मर्व्ह यांच्यापुढे लेख ठेवला. म्हणाले, “झणझणीत झालाय. पण छापायच्या आधी त्या पोरीला एक फोन मार. तिचं म्हणणं काय ते विचार.” मी म्हटले, अवश्य.

दुपारी ३. फोन उचलला. ठेवला.

दुपारी ३.२०. काय बोलायचे ते कागदावर लिहून काढले. दीड पान झाले. पण समोरच्या व्यक्तीने मध्येच काही विचारले तर? त्याचे उत्तर कागदावर नाही.

दुपारी ४. वाचनालयात गेले. जुन्या नोंदवहीत फावारो कुटुंब इटलीहून बोटीने आल्याची नोंद सापडली. याहून भक्कम पुरावा कोणता? शिवाय पुस्तके मध्येच बोलत नाहीत.

सायंकाळी मर्व्हनी विचारले, “केलास फोन?” मी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे त्यांनी नीट पाहिले नाही. दोष त्यांचा.

८ ऑगस्ट, गुरुवार

प्रसिद्ध झाला! शीर्षक : ‘सोयीचा वारसा’. दोन वाक्ये स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवली. “मिस फावारो यांच्या आजी इटलीहून बोटीने आल्या, अर्जाची मुदत जवळ येताच नातीला आपल्या अ‍ॅबोरिजिनल रक्ताचा शोध लागला.” आणि “मी या गावची पाचव्या पिढीची कन्या, पण मला कुणी पद देऊ करीत नाही.”

आई म्हणाली, “छान आहे गं. पण पाचवी पिढी मोजली कुणी?” आईला शैली कळत नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

बेकरीत टीगन रांगेत होती. मागून कुणीतरी ओरडले, “काय टीगन, आज रक्त किती टक्के? टक्के दाखवले की पावावर सूट मिळते का गं?” रांग हसली. टीगन पाव न घेताच निघून गेली.

नोंद : गावात सार्वजनिक चर्चेला चालना मिळाली, माझ्यामुळे.

मी तेव्हा पावांच्या फळीमागे होते. लपले नव्हते. पावांचे प्रकार पाहत होते.

२६ ऑगस्ट, सोमवार

टीगनने वांशिक अवमानाच्या कायद्याखाली माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे. पत्र वाचताना अंगावर रोमांच उभे राहिले. अखेर मुस्कटदाबी! विचारवंतांना हेच भोगावे लागते. तुरुंगात न्यायच्या पुस्तकांची यादी केली. चौदा झाली.

सायंकाळी साप्ताहिकाच्या वकिलांचा फोन. (आईने उचलून माझ्या कानाला लावला.) तुरुंगाबद्दल विचारताच ते खो खो हसले. “कसला तुरुंग, बाई? समोरासमोर बसायचं, समेट होतो का बघायचं. नाही झाला तर कोर्ट.” यादी फाडली.

मी विचारले, भाषणस्वातंत्र्याचे काय? ते म्हणाले, “कायदा तुम्हाला मत मांडायला अडवत नाही. सचोटीने मांडा आणि खऱ्या गोष्टींवर मांडा, एवढंच. तुम्ही तिला विचारलं होतंत ना?” मी म्हटले, ग्रंथ पाहिले होते. “जितीजागती बाई चार गल्ल्या सोडून राहते, आणि तुम्ही ग्रंथ पाहिलेत?”

वकिली पेशात विद्वत्तेची कदर उरलेली नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मर्व्ह कडाडले. “मान हलवलीस माझ्यापुढे! आता चार ओळींची माफी लिही, नाहीतर लेखबिख सगळं बंद. मृत्युलेखसुद्धा.”

मी बाणेदारपणे नकार दिला. मनात.

संकल्प : क्षमायाचना कदापि नाही. समेटाच्या बैठकीसाठी अकरा पानी भाषण सिद्ध केले. कपाटाच्या आरशापुढे रोज दोनदा म्हणते. आई म्हणाली, “आरशाला जीभ असती तर एव्हाना त्यानंच माफी मागितली असती.”

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बैठक झाली. सगळे लिहिते, इथे मध्येच बोलायला कुणी नाही.

मध्यस्थ बाई म्हणाल्या, “मिस पेंगेली, हवा तितका वेळ घ्या. तुम्हाला इथे कुणी अडवणार नाही.” मी अकरा पाने घेऊन उभी राहिले. पहिले पान वाचले. मनात. पाने मात्र बोलल्यासारखी फडफडत होती. शेवटी म्हटले, “सॉरी.” मध्यस्थ बाईंनी आशेने पेन उचलले. मी खुलासा केला, ते पाणी मागण्यासाठी होते.

तेव्हा टीगनची आजी बोलली. आँटी मेव्हिस. त्यांच्या लोकांत सगळेच त्यांना आदराने आँटी म्हणतात. एकोणऐंशी वर्षांच्या. वर्ण सावळा. त्यांनी मला नीट न्याहाळले आणि विचारले, “तू कुणाची गं?”

मी म्हटले, कला शाखा, विद्यापीठात प्रथम.

त्या पोट धरून हसल्या. “अगं, मार्क नाही विचारले. माणसं विचारली. आमच्यात पहिल्यांदा तेच विचारतात. रंग कुणी विचारत नाही. तो दिसतोच की.” मग स्वतःच म्हणाल्या, “पेंगेली म्हणजे डेअरीवाल्या जॅकची नात. जॅक चौतीस साली आला, सायकलवरून. माझी आई त्याच्या घरची धुणी धुवायची. म्हणजे तू तिसरी पिढी, बाळ. मधल्या दोन कुठून आणल्यास?”

मध्यस्थ बाईंनी हे लिहून घेतले. लिहिण्याची गरज नव्हती.

“आणि फावारो नाव माझ्या नवऱ्याचं. बोटीनं तो आला. मी? मला नऊ वर्षांची असताना सरकारी गाडीत घालून आईपासून नेलं, आमची मुलं तेव्हा अशीच न्यायचे. रंग उजळ असलेल्या माझ्या बहिणीला तर आधीच नेलेलं. तेव्हा त्यांनीही टक्के मोजले होते.”

आता टीगन पुढे सरकली. म्हणाली, “पदावर पाणी सोडायचं ठरवलं होतं मी. आजीनं सोडू दिलं नाही. हेस्टर, माझा नंबर होता तुझ्याकडे. शाळेत गृहपाठ विचारायला मीच तुला फोन करायचे. उचलायची तुझी आई.”

“केला असतास तर जेवायलाच बोलावलं असतं,” आँटी म्हणाल्या. मग त्यांनी अट सांगितली. पैसे नकोत, कोर्ट नको. “पेपरात चुकलं ते पेपरात दुरुस्त करा. पण माझ्या नातीची माफी तोंडानं माग. फोन कर तिला. गुरुवारपर्यंत.”

मी अट मान्य केली. मान यावेळी उभी हलली, सर्वांनी पाहिले.

१६ ऑक्टोबर, बुधवार

फोन केला नाही. आज ढगाळ हवामान होते, आवाज नीट पोहोचला नसता.

मर्व्ह म्हणाले, दुरुस्ती गुरांच्या बाजारभावांच्या पानावर येईल. ते पान गावात सर्वाधिक वाचले जाते, असे मी स्वतःला सांगितले. दुर्दैवाने ते खरे आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ९. संकल्प : दहाला.

१०. संकल्प : बाराला.

दुपारी ४. वाक्ये पाठ केली. अकरा पानांची तीन वाक्ये झाली.

सायंकाळी ५.३०. क्रमांक फिरवला. दोन घंट्या. “हॅलो? हेस्टर, तूच ना?” श्वास ऐकूनच ओळखले तिने. “बोल, ऐकतेय मी.” मी तीन वाक्ये बोटांवर मोजली. मागे आँटींचा आवाज, चहाच्या भांड्याचा आवाज. मग टीगन म्हणाली, “बोल ना गं. कुणी अडवलंय का तुला?”

कुणीही नाही.

फोन ठेवला. संदेश टंकून पाठवला : “टीगन, मी तुला विचारायला हवे होते. विचारले नाही. मला क्षमा कर. डेअरीवाल्या जॅकची नात, हेस्टर.”

पाठवला : गुरुवार, १७ ऑक्टोबर २०१३, सायंकाळी ५ वाजून ४२ मिनिटांनी.