जाते की येते

मुलुंड, रविवार, १९ ऑक्टोबर १९८६

आई माझ्या प्रवासासाठी दशम्या भाजत होती. "तिथे नेमकं करणार काय तू?" सांगितलं, फार जुनी एक दीर्घिका आहे, ती आपल्यापासून लांब जाते. तिच्या रेडिओलहरींतला थोडा भाग वाटेतला वायू गिळतो, त्यावरून आम्हाला तो वायू कळतो.

"जाते म्हणू नये गं. येते म्हणावं."

चिडलेच मी. विज्ञानात कसलं आलंय येते!

आता वाटतंय, दीर्घिका जाते खरी, पण तिची लहर येतेच आहे ना?

उद्या निघायचं. नीलगिरीतल्या दुर्बिणीवर दोन वर्षं. माझ्या जाण्याबद्दल आई दिवसभरात चकार शब्द बोलली नाही, बोलली ती तेवढंच. आणि मला वाटलं, दीर्घिकेबद्दल बोलतेय. दीडशहाणी मी.